ब्रेकवर पाय न ठेवता

त्या आठवड्यात गाडी चार वेळा बंद पडली आणि चारही वेळा सिग्नलला. चालताना काही नाही. थांबलं की इंजिनाच्या वेगाचा काटा खाली खाली घसरायचा, स्टिअरिंग थरथरायचं आणि एक उचकी देऊन सगळं गप्प. मागे माझी तीन वर्षांची मुलगी आणि तिच्या मागे हॉर्नचा कल्लोळ. चौथ्या वेळी मागच्या ट्रकवाल्याने खाली उतरून काचेवर टकटक केली आणि ढकलू का म्हणून विचारलं. बिचाऱ्याने चांगुलपणानेच विचारलं होतं, पण माझं काळीज पुढचे दोन दिवस ठिकाणावर नव्हतं.

सोमवारी मी तीन वर्षांनी पुन्हा कामावर जाणार होते. मुलीला कुठे ठेवायचं हे मात्र शनिवार उजाडला तरी ठरलं नव्हतं. एक तर सासूबाईंकडे. त्या गाडीने दहा मिनिटांवर राहतात आणि त्यांनी आपणहून दोनदा विचारलं होतं. नाहीतर पाळणाघरात. तिथल्या बाईंनी एक जागा राखून ठेवली होती आणि शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत हो की नाही ते कळवा, असं बजावलं होतं. नवऱ्याचं म्हणणं, सख्खी आजी असताना पाळणाघर कशाला. मी म्हणायचे, बघू. आणि मी खरोखरच बघत होते. माझ्या फोनमध्ये एक यादी होती. आईंनी द्राक्ष न कापता दिलं. बाल्कनीचं दार उघडं राहिलं. गरम चहाचा कप बुटक्या टेबलावर. अशी सात कलमं झाली होती. यादी कुणाला दाखवली नव्हती, पण शनिवारी सहाच्या आत नवऱ्यापुढे ठेवायची, असं मनाशी पक्कं केलं होतं.

सासूबाई घड्याळं दुरुस्त करतात. दुकान सासऱ्यांचं, पण सासऱ्यांची नजर लवकर अधू झाली आणि डोळ्याला भिंग लावून बसायची वेळ यांच्यावर आली. ती चाळीस वर्षं टिकली. आता दुकान नाही, तरी लोक घरी घड्याळं घेऊन येतात. जुनं, किल्लीचं, कुणाच्या वडिलांचं. उजव्या हातात चिमटा धरला की त्यांचं वय वीस वर्षांनी कमी होतं, असं नवरा म्हणतो.

गाडीचं त्यांना कळलं ते नवऱ्याकडून. ओळखीच्या मिस्त्रीने फोनवरच निदान केलं होतं: इंजिनात हवा जाते त्या वाटेवर काजळी बसली असणार, थ्रॉटल बॉडी आणि हवेचा सेन्सर साफ करायला हवेत. पण त्याला गुरुवारशिवाय सवड नव्हती. सासूबाई म्हणाल्या, काजळी काढायला मुहूर्त लागतो का? त्यांनी स्वतः मिस्त्रीला फोन करून अर्धा तास त्याचं डोकं खाल्लं आणि सगळं एका वहीत उतरवून घेतलं. स्प्रे दोन लागतात, वेगवेगळे. सेन्सरचा वेगळा, थ्रॉटलचा वेगळा. अदलाबदल केली तर सेन्सर कायमचा गेला.

शनिवारी तीन वाजता त्या आल्या. अंगात दुकानातला निळा एप्रन, हातात हत्यारांची गुंडाळी आणि पिशवीत चार चहाचे कप. कप कशाला, हे मी विचारलं नाही. नवरा इस्पितळाच्या लॅबमध्ये ड्यूटीवर होता. घरात आम्ही तिघीच: त्या, मी आणि माझी मुलगी. ती एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात.

भिंगरीचं काय करायचं, हा पहिला प्रश्न. सासूबाई म्हणाल्या, बसू दे की इथेच, बघेल, शिकेल. जमिनीवर दोन विषारी स्प्रे, स्क्रू, जुने ब्रश, आणि माझी मुलगी अजून हाताला लागेल ते तोंडात घालणारी. मी मनात आठवं कलम जुळवलं आणि तिला उचलून गाडीतच, मागच्या तिच्या खुर्चीत बसवलं. पट्टा लावला. मागच्या काचा दोन बोटं खाली ठेवल्या. गाडी सावलीत होती. शेजारी माझी नेहमीची पिशवी ठेवली: पाणी, बिस्किटं, ओले रुमाल, कपड्यांचा जोड, थर्मामीटर. डोळ्यांसमोर राहील आणि हाताशी काही लागणार नाही. याहून सुरक्षित जागा मला सुचली नाही.

दुसरा प्रश्न गाडीच्या बॅटरीचा. वहीत पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, बॅटरीची तार काढा. सासूबाईंनी पाना हातात घेतलासुद्धा होता. मी म्हटलं, नको. बॅटरी काढली की काचा खाली होत नाहीत, कुलूप दगा देऊ शकतं, आणि आत मूल आहे. असं कुठेतरी घडल्याचं मी वाचलं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाना खाली ठेवला.

"बरं. मग चावी माझ्याकडे दे," त्या म्हणाल्या. "दुकानात नियम होता. ज्याचा हात मशीनमध्ये, प्लग त्याच्या खिशात."

आमची गाडी बटणाची. चावी भोकात घालावी लागत नाही, जवळ असली की पुरे. मी ती त्यांना दिली, त्यांनी ती एप्रनच्या खिशात टाकून वरून थोपटली आणि बॉनेट उघडलं.

आधी सेन्सर. एअर फिल्टरच्या डब्याजवळ, नळीत खोचलेली काडेपेटीएवढी प्लॅस्टिकची वस्तू. दोन स्क्रू काढून त्यांनी ती बाहेर घेतली, भिंग डोळ्याला लावलं आणि एकदम गप्प झाल्या. आत केसासारख्या दोन तारा होत्या.

"बघ," त्यांनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं. "किती हवा आत जाते ते ही एवढीशी तार सांगते. घड्याळातल्या कमानीची, त्या बारीक स्प्रिंगची, बहीण शोभेल. हिला बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही. नुसती आंघोळ."

दहाबारा वेळा लांबून स्प्रे मारला, तार चकाकली, मग सेन्सर कोऱ्या कागदावर ठेवून त्यावर चहाचा कप पालथा घातला. आता कपांचं कोडं उलगडलं. त्यांच्या धंद्यात सुटा भाग उघडा ठेवणं म्हणजे गुन्हा. स्क्रू दुसऱ्या कपाखाली, क्लिपा तिसऱ्या. इतक्या जपून काम करणारी बाई द्राक्ष कापत का नाही, हा विचार माझ्या मनात आला आणि खरं सांगते, मी चिडले.

गाडीत भिंगरी गाणं म्हणत होती. मी दर मिनिटाला बॉनेटच्या कडेने डोकावून बघत होते.

मग रबरी नळी बाजूला केली आणि थ्रॉटल बॉडी उघडी पडली. मोठ्या पेल्याच्या तोंडाएवढी धातूची गोल वाट आणि तिच्यात झाकणासारखी एक चकती. आपण ॲक्सिलरेटर दाबला की ही चकती उघडते आणि इंजिनाला हवा मिळते. तिच्या कडेला काळा चिकट थर होता, कढईच्या बुडाला असतो तसा. एवढ्याशा चिकट्याने मला चार वेळा रस्त्यात उभं केलं होतं. सासूबाईंनी कापडावर स्प्रे घेतला आणि पुसायला सुरुवात केली. फडकी काळी होत गेली. शेवटी राहिली चकतीच्या मागची कडा. त्यांनी डाव्या अंगठ्याने चकती हलकेच दाबून उघडली आणि उजव्या हाताची तर्जनी कापडासकट आत घातली. मी टॉर्च धरून वाकले.

गाडीच्या आतून टिंग असा आवाज आला.

लगेच समोर काहीतरी झर्रकन फिरलं. सासूबाईंचे खांदे वर गेले. ओरडल्या नाहीत. तोंडातून फक्त श्वास आत ओढल्याचा आवाज आला आणि तो तिथेच थांबला. टॉर्चच्या उजेडात मला दिसत होतं की चकती मिटली आहे आणि त्यांचं बोट आत आहे. कापडाच्या काळ्यावर लाल पसरत होतं. मी ते बघत होते. टॉर्च अगदी स्थिर धरला होता. जणू मला कुणी उजेड नीट पाड असं सांगितलं होतं आणि तेवढंच काम माझं होतं.

"गाडी चालू झालीय," सासूबाई म्हणाल्या. कुणी पाहुणे आलेत असं सांगावं, तसा आवाज. "इंजिन नाही, नुसते दिवे. जा, बंद कर."

मी धावले. भिंगरी ड्रायव्हरच्या सीटवर गुडघ्यांवर बसली होती. पट्टा तिला उघडता येतो हे मला माहीतच नव्हतं. समोर सगळे दिवे पेटलेले, आणि तिचं बोट त्या गोल बटणाशेजारी. मला बघून ती हसली. मी दार ओढलं. कुलूप. आतलं कुलपाचं बटणही तिने दाबून झालं होतं. मी काचेवर दोन्ही हात आपटायला लागले, तशी ती दचकली आणि तिचा ओठ बाहेर आला.

"काच वाजवू नकोस," समोरून आवाज आला. "घाबरली तर तिचा हात कुठे पडेल सांगता येत नाही. इकडे ये. चावी माझ्या खिशात आहे."

मी परत पुढे गेले. त्या तशाच ओणव्या उभ्या होत्या, डावा हात रेडिएटरच्या पट्टीवर. मी एप्रनच्या खिशात हात घातला, तेव्हा कळलं. आवाज स्थिर होता, पण खिशामागे त्यांचं पोट पानासारखं थरथरत होतं.

"आता नीट ऐक," त्या म्हणाल्या. "बटण दाबायचं. नुसतं बटण. ब्रेकवर पाय ठेवायचा नाही."

मी चावीने दार उघडलं, मुलीला एका हाताने उचलून कडेवर घेतलं, आत बसले आणि बटणाकडे अंगठा नेला. अंगठा टेकायच्या आत मी खाली बघितलं. का बघितलं, ते आजही माहीत नाही. माझा उजवा पाय ब्रेकवर होता. पूर्ण दाबलेला. चार वर्षं रोज असंच: बसायचं, ब्रेक, बटण, इंजिन सुरू. डोकं ऐकत होतं, पाय ऐकत नव्हता. अंगठा एक इंच पुढे गेला असता तर त्यांचा हात आत असताना इंजिन फिरलं असतं.

पाय उचलता येईना. मी हाताने गुडघा धरला आणि पाय गाडीबाहेर काढला, एखाद्या परक्याचा काढावा तसा. मग दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, वळून, बटण दाबलं. दिवे गेले. समोरून पुन्हा झर्र झालं आणि सासूबाईंनी बोट बाहेर ओढून घेतलं.

भाड्याच्या गाडीतून दवाखान्यात जाताना त्यांनी बोट वर धरलं होतं, माझ्या ओल्या रुमालांत गुंडाळलेलं. चेहरा कागदासारखा. भिंगरी माझ्या मांडीवर चिडीचूप. आजीला बाऊ झाला, एवढंच तिला कळलं होतं. निम्म्या वाटेत सासूबाई म्हणाल्या की चूक त्यांचीच. खिशात चावी घेऊन त्या गाडीला चिकटून उभ्या राहिल्या, जवळ चावी असली की बटण चालणारच, एवढं साधं त्यांच्या ध्यानात आलं नाही.  मला ते पटलं होतं.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. बोटाच्या टोकाचं हाड तडकलेलं, नख काढावं लागणार. जखम भरेल, पण टोकाची जाण पूर्ण परत येईल की नाही ते काही महिन्यांनीच कळेल. सासूबाईंनी एकच विचारलं, चिमटा धरता येईल का. डॉक्टर म्हणाले, आत्ता काहीच सांगता येणार नाही. मग परिचारिका त्यांना आत घेऊन गेली.

मी बाहेरच्या बाकावर बसले. आणि आता जे सांगते त्याची मला लाज वाटते. मी फोन काढला आणि यादीत नवं कलम लिहिलं. चावी खिशात ठेवून गाडीला टेकून काम केलं. शुद्धलेखनसुद्धा तपासलं.

भिंगरीने बिस्किट मागितलं. मी पिशवीत हात घातला. कपड्यांच्या जोडाखाली बोटांना काहीतरी गुळगुळीत, कडक लागलं. मी ते बाहेर काढलं नाही. हाताला ओळखीचं होतं. गाडीची दुसरी चावी. तीन महिन्यांपूर्वी भिंगरीने आतून न्हाणीची कडी लावून घेतली होती, तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कुलपाची जादा चावी मी त्या पिशवीत घेऊन फिरत होते. न जाणो, म्हणून. मीच ती पिशवी तिच्या शेजारी ठेवली होती. सासूबाईंच्या खिशातली चावी गाडीच्या बाहेर होती, बॉनेटच्या पलीकडे. त्या चावीने बाहेरून दार उघडलं असतं, पण आतलं बटण चाललं नसतं. आणि बॅटरीची तार त्या काढणारच होत्या.

 समोर भिंतीवर हात कसे धुवावेत याची चित्रं होती. सहाच्या सहा चित्रं मी वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. हात पिशवीतच होता. भिंगरी म्हणाली, आई, बिस्किट.

पाऊण तासाने सासूबाई बाहेर आल्या, बोटावर पट्टीचं मोठं पांढरं बोंडूक. माझ्याशेजारी बसल्या. साडेपाच झाले होते. चावी अजून पिशवीतच होती. 

"पाळणाघराला हो सांग," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं मला जमेल. पण आज माझ्या हलगर्जीपणाने पोरीच्या हातून काय झालं असतं? गाडी सुरू झाली असती तर? माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

इतके दिवस मला हेच ऐकायचं होतं. यादीही दाखवायला नको, वाद नको, वाईटपणा नको.  तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला; काय झालं ते मी त्याला मेसेज करून कळवलं होतं. मी स्पीकर लावला, सासूबाईंनाही ऐकू यावं म्हणून. आई कशी आहे, हे त्याने आधी विचारलं, आणि ती बरी आहे म्हटल्यावर तो आईवरच घसरला. या वयात नसते उद्योग कुणी सांगितले होते? चावी बाजूला ठेवायची एवढं कळू नये? मग म्हणाला की तुझ्या मनात होतं तेच खरं, मुलीला पाळणाघरातच घालू. सासूबाई मान खाली घालून पांढऱ्या बोंडकाकडे बघत ऐकत होत्या. 

"दुसरी चावी माझ्या पिशवीत होती," मी म्हटलं.

 मी ती पिशवीतून काढून बाकावर ठेवली, आमच्या दोघींच्या मध्ये. सगळं सांगितलं, बॅटरीचंही. नवरा हळूच म्हणाला की तो नंतर फोन करतो.

सासूबाई चावीकडे बघत राहिल्या.

"म्हणजे माझी चावी बरोबर होती," त्या म्हणाल्या. मग, "तुला कधी कळलं?"

मी म्हटलं, तुम्ही आत होता तेव्हा. पाऊण तास झाला.

"पाऊण तास." त्यांनी ते शब्द तोलून बघितले. "बोटाचं मी गाडीच्या नावावर लिहीन. तुझ्या धांदरटपणाच्या नावावरही लिहीन, त्याचं काही नाही, धांदरट मीही होते तुझ्या वयात. पण आत्ता मी माझ्या तोंडाने म्हटलं की मला पोर सांभाळता येणार नाही. ते म्हणू दिलंस तू मला."

  भिंगरी बाकावरून उतरून आजीच्या गुडघ्यांत शिरली आणि त्या बोंडकाला फुंकर घालायला लागली. सासूबाईंनी तिला घालू दिली. सहाला दहा मिनिटं होती. मी विचारलं, त्या तिला ठेवून घेतील का. याआधी दोनदा त्यांनीच मला विचारलं होतं, आणि आता मी हात जोडल्यासारखी विचारत होते.

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही.  मी घड्याळाकडे बघितलं नाही, तेवढी हिंमत नव्हती.

"डावा हात शाबूत आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "सोमवारी साडेआठला आण. गाडी गुरुवारशिवाय जोडून होणार नाही, तोवर भाड्याच्या गाडीने ये. सोडलंस की निघायचं, दारात घुटमळायचं नाही. फोन दुपारी एकदाच. आणि तो मी जेवले का हे विचारायला."

मी पाळणाघरात फोन लावला. बाई म्हणाल्या, बरं झालं कळवलंत, दुसरे लोक वाट बघताहेत. मग सहज, प्रेमानेच, विचारलं की आजींचं वय किती, नीट सांभाळतील ना, तुमची खात्री आहे ना?

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. माझ्या खात्रीचं मला काही सांगवेना.

"त्यांनी हो म्हटलंय," मी म्हटलं.